तुमचे काम आणि पार्किन्सनचा धोका: कामाची नोंद काढून तो कसा जोखावा

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा टीटीसी औद्योगिक पट्टा, ठाण्याचे वागळे इस्टेट, पलीकडे तळोजा. इथे हयात घालवलेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे आणि पार्किन्सन बहुधा याच वयात डोके वर काढतो. घरात कुणाचा हात थरथरू लागला की विचारले जाते, "एवढी वर्षे केमिकलमध्ये होते, त्यानेच झाले का?" एका माणसाबाबत याचे छातीठोक उत्तर सहसा कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. मात्र त्या माणसाचा कशाशी, किती आणि किती वर्षे संबंध आला हे नीट काढता येते. निदान करताना, आजही तेच काम करणाऱ्यांना जपताना आणि कागदोपत्री हक्क सांगताना ही माहिती उपयोगी पडते.

आधी धोक्याचा आकडा कसा वाचायचा ते पाहू. साठीच्या पुढच्या लोकांत साधारण शंभरात एकाला पार्किन्सन असतो. एखाद्या अभ्यासात "धोका अडीचपट" निघाला तर त्याचा ढोबळ अर्थ शंभरात दोन-तीन जण असा होतो. म्हणजे तेच काम करणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा आजार होत नाही, आणि ज्यांना होतो त्यातल्या अनेकांनी आयुष्यात रसायन हाताळलेले नसते. वय हा सगळ्यात मोठा घटक आहे. पुरुषांत प्रमाण स्त्रियांच्या सुमारे दीडपट आहे. दहा-पंधरा टक्के रुग्णांच्या घरात आधी कुणाला तरी हा आजार झालेला असतो. काम हा या सगळ्यावर चढणारा थर आहे.

तो थर खरा आहे हे मात्र पक्के. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात एमपीटीपी नावाची भेसळ असलेले नशेचे द्रव्य टोचून घेतलेल्या काही तरुणांना थोड्याच दिवसांत पार्किन्सनसारखा ताठरपणा आला. एखादे रसायन मेंदूतील डोपामिन (हालचाल सांभाळणारे द्रव्य) बनवणाऱ्या पेशी वेचून मारू शकते, हे तेव्हा उघड झाले. शरीरात एमपीटीपीपासून जो घातक रेणू तयार होतो, त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी बरीच जुळते. तिथून संशोधकांचे लक्ष शेतांकडे आणि कारखान्यांकडे वळले.

पायरी १: नोकऱ्यांची नव्हे, कामांची यादी करा

"केमिकल कंपनीत होतो" या वाक्यातून काहीच कळत नाही. त्याच कंपनीत एकजण स्टोअरमध्ये बिले लिहीत असतो आणि दुसरा रिअॅक्टरचे झाकण उघडून आत डोकावत असतो. म्हणून वहीत आडवी पाने घ्या आणि प्रत्येक कामासाठी एक ओळ ठेवा: कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणता विभाग, हाताने नेमके काय करत होतो, कोणता पदार्थ, आठवड्याला किती तास, जागा बंद की उघडी, पंखा किंवा धूर ओढणारी यंत्रणा होती का, हातमोजे-मास्क कसले होते. शेवटचा रकाना अपघातांचा: अंगावर सांडणे, चक्कर येऊन बाहेर आणावे लागणे, गॅस लागणे.

किमान चाळीस वर्षे मागे जा. हालचालींची लक्षणे दिसेपर्यंत मेंदूच्या संबंधित भागातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात, आणि ही झीज अनेक वर्षे आधी सुरू झालेली असते. निवृत्तीआधीच्या पाच वर्षांतली खुर्चीवरची नोकरी लिहून भागत नाही. विशी-तिशीतले काम जास्त महत्त्वाचे.

सालांचा गोंधळ होतोच. भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकातून आणि ईपीएफओच्या संकेतस्थळावरच्या सेवा इतिहासातून नोकरीच्या तारखा मिळतात. यूएएन (भविष्यनिर्वाह निधीचा कायमचा क्रमांक) २०१४ पासून आला, त्यामुळे त्याआधीच्या नोकऱ्या तिथे बऱ्याचदा सापडत नाहीत. अशा वेळी नेमणूकपत्र, पगाराच्या जुन्या स्लिपा, कामगार विम्याचे कार्ड, युनियनची पावती बाहेर काढा. कंत्राटी कामगारांचा घोळ मोठा असतो, कारण कागदावर ठेकेदार असतो आणि काम भलत्याच कारखान्यात. दोन्ही नावे लिहा. जुन्या सहकाऱ्याला फोन करून "आपण पार्ट कशात बुडवायचो?" एवढे विचारले तरी पुष्कळ बाहेर येते.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक म्हणजे गावची शेती. मुरबाड-शहापूरकडची माणसे कारखान्यात नोकरी करूनही पावसाळ्यात फवारणीला गावी जात आली आहेत. दुसरी म्हणजे जोडधंदा: सुट्टीतले वेल्डिंग, रंगकाम, पेस्ट कंट्रोल. लहानपणी शेतालगतच्या विहिरीचे पाणी प्यायलेले असल्यास तेही लिहा.

पायरी २: पदार्थांची नावे शोधा आणि पुराव्याशी ताडून पाहा

कारखान्यात पदार्थाला टोपणनाव असते: थिनर, सोल्युशन, क्लीनर, पावडर. खरे नाव सुरक्षा माहितीपत्रकात असते. त्याचे सोळा भाग असतात. तिसऱ्या भागात घटक आणि कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा जगभर एकच असलेला ओळख क्रमांक; पुढे कंसात दिले आहेत ते हेच), आठव्यात हवेतील मर्यादा आणि संरक्षक साधने, अकराव्यात शरीरावरचे परिणाम. व्यापारी नाव बदलले तरी कॅस क्रमांक बदलत नाही, म्हणून तोच उतरवून घ्या.

कीटकनाशके-तणनाशके. पुरावा इथे सर्वांत भक्कम आहे. अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यांतल्या फवारणी करणाऱ्यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॅराक्वाट (१९१०-४२-५) आणि रोटेनोन (८३-७९-४) वापरलेल्यांत पार्किन्सनचे प्रमाण सुमारे अडीचपट दिसले. रोटेनोन वनस्पतींच्या मुळांतून काढतात आणि एके काळी ते "नैसर्गिक" म्हणून विकले जाई. झाडापासून आले म्हणजे निर्धोक, या समजुतीला तेवढे उत्तर पुरे. वाळवीसाठी इमारतीच्या पायात मारले जाणारे क्लोरपायरिफॉस (२९२१-८८-२) हेही कॅलिफोर्नियातल्या अभ्यासांत पार्किन्सनशी जोडले गेले आहे. म्हणजे हा प्रश्न फक्त शेतकऱ्याचा नाही, नवी मुंबईच्या सोसायट्यांत पंप घेऊन फिरणाऱ्या पोऱ्याचाही आहे. युरोपीय संघात पॅराक्वाटला २००७ पासून बंदी आहे. भारतात ते अजून विकले जाते.

क्लोरीनयुक्त विद्रावके (सॉल्व्हंट). यात मुख्य नाव ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजे टीसीई (७९-०१-६). प्लेटिंग किंवा रंगकामाआधी धातूच्या भागांवरचे तेल काढायला ते वापरतात. जुळ्या भावंडांच्या २०१२ च्या अभ्यासात टीसीई हाताळलेल्या भावंडात पार्किन्सनची शक्यता सुमारे सहापट दिसली. अभ्यास लहान होता, म्हणून सहाचा आकडा घट्ट धरू नये. पण २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅम्प लेजून या लष्करी तळाचा मोठा अभ्यास आला. तिथल्या पिण्याच्या पाण्यात टीसीई मिसळले होते आणि तिथे राहिलेल्यांत धोका दुसऱ्या तळाच्या तुलनेत ७० टक्के जास्त निघाला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने टीसीईचे सर्व वापर थांबवणारा नियम जाहीर केला. ड्रायक्लीनिंगचे परक्लोरोएथिलीन (१२७-१८-४) याच कुळातले. त्याचा पुरावा कमी आहे, पण संशय आहे.

मँगनीज. इथे सावध राहावे लागते, कारण दोन वेगळे आजार एकाच पोत्यात भरले जातात. मँगनीजची भुकटी दळणाऱ्या कामगारांच्या चालण्यात बिघाड होतो, हे जॉन कूपर यांनी स्कॉटलंडमध्ये १८३७ मध्येच नोंदवले होते. तो आजार म्हणजे मँगनीजची विषबाधा. पार्किन्सनसारखी दिसली तरी ती वेगळी. वेल्डरच्या धुरात मँगनीज असते, आणि धूर जास्त घेतलेल्या वेल्डरांत ताठरपणा व मंदपणा वाढत गेल्याचे अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. उलट वेल्डरांना खरा पार्किन्सन जास्त होतो का, याच्या अनेक अभ्यासांची बेरीज केल्यावर वाढ दिसलेली नाही. त्यामुळे "वेल्डरला पार्किन्सन होतो" हे विधान सरसकट करू नये.

व्हिस्कोस रेयॉनच्या कामातले कार्बन डायसल्फाइड (७५-१५-०) आणि भट्टी किंवा बॉयलरजवळ झालेली तीव्र कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा यांमुळेही पार्किन्सनसारखी लक्षणे येतात.

शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांच्यातही प्रमाण जास्त असल्याचे काही जुन्या अभ्यासांत निघाले होते. त्यात आमच्या मते फार अर्थ काढू नये. अशा लोकांचे निदान लवकर आणि नेमके होते, म्हणून आकडा फुगतो.

पायरी ३: मात्रेचे वजन ठरवा

प्रत्येक ओळीपुढे जोर, काळ आणि वाट लिहा. जोर: जास्त, मध्यम की कमी. हात द्रवात बुडत असतील, वाफेने डोके गरगरत असेल, कपडे ओले होत असतील तर तो "जास्त". काळ: एकूण वर्षे. वाट: श्वास, त्वचा की तोंड. त्वचेला लोक मोजतच नाहीत, आणि फवारणीत तर बहुतेक विष तिथूनच आत जाते.

इथे दोन ठिकाणी हिशोब चुकतो. "आता वास येत नाही, म्हणजे हवा ठीक आहे" ही पहिली चूक. नाक काही मिनिटांत सरावते. शिवाय वासाची जाणीव जाणे हेच पार्किन्सनचे एक आधीचे लक्षण आहे. दुसरी चूक डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाची. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग पदार्थ लगेच किती मारक आहे ते सांगतात. वीस वर्षांनी मेंदूवर काय होईल हे त्यातून कळत नाही.

जोर "जास्त" आणि काळ दहा वर्षांच्या वर, अशी एकही ओळ पहिल्या तीन गटांत असेल तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवा. दहा वर्षे ही कामचलाऊ रेघ आहे. नऊ वर्षांना सुरक्षित समजू नका.

पायरी ४: कामाला दोष देण्याआधी औषधांची पिशवी तपासा

ही पायरी सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. चक्करेसाठी सिनारिझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड, ॲसिडिटीच्या गोळीत मिसळलेले लेव्होसल्पिराइड, मानसिक आजारासाठी हॅलोपेरिडॉल: या सगळ्यांनी हुबेहूब पार्किन्सनसारखी थरथर आणि मंदपणा येऊ शकतो. ॲसिडिटीची गोळी तर वर्षानुवर्षे मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय चालू असते. औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत लक्षणे बहुधा ओसरतात. मनाने बंद करू नका. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता.

डोक्याला बसलेला मोठा मार आणि घरातले जुने रुग्ण यांचीही नोंद करा. वय चाळिशीच्या आत असेल तर विल्सन आजाराची तपासणी लागते. त्यात शरीरात तांबे साचते आणि त्यावर औषध आहे.

पायरी ५: घरी काय पाहायचे, कुठे जायचे

थरथर नाही म्हणजे पार्किन्सन नाही, असे नाही. साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत ती सुरुवातीला नसते. मुख्य खूण मंदपणाची. अंगठा आणि तर्जनी पूर्ण उघडून पंधरा वेळा झपाट्याने टेकवा. मंदपणा असेल तर प्रत्येक वेळी बोटांतले अंतर कमी होत जाते आणि मध्येच अडखळते. एकच वाक्य एकाखाली एक पाच वेळा लिहा आणि पाचव्या ओळीतली अक्षरे बारीक झाली का पाहा. चालताना एक हात हलायचा थांबला का, हे घरच्यांना विचारा. खांदा आखडला म्हणून महिनोन्महिने मालिश घेत राहणे ही नेहमीची फसगत. झोपेत ओरडणे-लाथा मारणे आणि जुनाट बद्धकोष्ठता ही लक्षणे तर कित्येक वर्षे आधी येतात. यातले एकेक चिन्ह सुटे असेल तर घाबरण्याचे कारण नाही. दोन-तीन एकत्र दिसली तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

विमाधारक कामगारांसाठी वागळे इस्टेट आणि वाशी इथे कामगार विमा रुग्णालये आहेत. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हे ठाणे महापालिकेचे. व्यवसायजन्य आजाराचा प्रश्न असेल तर शीव येथील केंद्रीय श्रम संस्था औद्योगिक आरोग्याचेच काम करते. जाताना वहीतल्या नोंदींचा एका पानाचा गोषवारा न्या. ओपीडीत मिळणाऱ्या पाच मिनिटांत अख्खी वही कुणी वाचत नाही.

मँगनीजचा संशय असेल तर एमआरआयची वेळ महत्त्वाची. या विषबाधेत मेंदूच्या ग्लोबस पॅलिडस भागात विशिष्ट चकाकी दिसते, पण धुरापासून दूर गेल्यावर काही महिन्यांत ती मावळते. नोकरी सोडून दोन वर्षांनी काढलेला स्कॅन साफ आला, तर त्यावरून विषबाधा झालीच नव्हती असे म्हणता येत नाही. अशा रुग्णांत चाल चवड्यांवर कोंबड्यासारखी होते, मागे पडण्याकडे कल असतो आणि लेव्होडोपा या पार्किन्सनच्या मुख्य औषधाचा उपयोग फारसा होत नाही. खऱ्या पार्किन्सनमध्ये त्या औषधाने चांगला फरक पडतो. कामाची नोंद निदानात बहुतेक इथेच कामी येते.

पायरी ६: आज त्या कामावर असाल तर

वेल्डिंग. साध्या मिग (गॅसच्या आवरणात तारेने होणाऱ्या) वेल्डिंगच्या तारेतही दीड टक्क्याच्या आसपास मँगनीज असते. झीज भरायच्या मँगनीज पोलादाच्या रॉडमध्ये ते बारा-चौदा टक्क्यांपर्यंत जाते. भारतातल्या कारखाना नियमांत मँगनीजच्या धुराची आठ तासांची मर्यादा घनमीटरला १ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेने फुप्फुसात खोल जाणाऱ्या कणांसाठी सुचवलेली मर्यादा ०.०२ मिलिग्रॅम आहे. म्हणून "रिपोर्ट मर्यादेत आला" एवढ्यावर समाधान मानू नका, आकडा विचारा.

सर्वांत परिणामकारक उपाय फुकट आहे: धुराचा लोट वर जातो, त्यात डोके घालू नका. जॉब फिरवून घ्या, बाजूला बसा. धूर ओढणारे तोंड सांध्यापासून १५ ते ३० सेंटिमीटरवर ठेवा. अंतर दुप्पट केले की ओढ सुमारे चौथाईवर येते. बहुतेक शॉपमध्ये नळी असते, पण सोयीसाठी हातभर लांब टांगलेली. म्हणजे फक्त आवाज करते. मिगवाले मोठा पंखा बंद करतात, कारण वाऱ्याने गॅसचे आवरण उडते आणि सांध्यात भोके पडतात. त्यांची तक्रार बरोबर आहे. त्यावर तोडगा जवळून ओढणारी नळी हाच आहे. बंद टाकीत ताजी हवा आत सोडावी. ऑक्सिजनचा सिलिंडर तिथे कधीही उघडू नका, आग लागते. रुमाल किंवा कापडी मास्क या धुराला अडवत नाही. एन९५ किंवा एफएफपी२ हवा, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही कडेने गळतो.

विद्रावकाची टाकी. एन९५ वाफेला अडवत नाही. त्याला सेंद्रिय वाफेचे तपकिरी पट्ट्याचे कार्ट्रिज लागते. ते वापर नसताना हवाबंद पिशवीत ठेवा आणि उघडल्याची तारीख त्यावर लिहा. ते भरले हे वासावरून ओळखायचे ठरवले तर उशीर झालेला असतो. साधे निळे नायट्राइलचे हातमोजे टीसीईपुढे काही मिनिटांतच हरतात. पीव्हीए किंवा व्हायटॉनचे मोजे लागतात, त्यातले पीव्हीए पाण्यात विरघळतात हे ध्यानात ठेवा. टीसीईची वाफ हवेपेक्षा सुमारे साडेचारपट जड असते. छताजवळच्या एक्झॉस्टने ती निघत नाही, ओढ टाकीच्या काठाशी हवी.

खरा उपाय म्हणजे गरम पाण्यातला अल्कधर्मी क्लीनर. तो आणला की भाग गंजतात, मग लोक पुन्हा टीसीईकडे वळतात. गंज येतो कारण धुतल्यावर वाळवणी नीट होत नाही. शेवटच्या धुण्यात गंजरोधक टाका आणि लगेच गरम हवेने वाळवा. टीसीईऐवजी विक्रेता एन-प्रोपिल ब्रोमाइड सुचवेल. तेही मज्जातंतूंना घातक आहे, घेऊ नका.

फवारणी. सर्वांत धोक्याची वेळ औषध कालवण्याची, कारण तेव्हा ते मूळ ताकदीचे असते. मोजमापाचे भांडे वेगळे ठेवा, हातमोजे तेव्हापासूनच घाला. पाठीवरचा पंप गळत असेल तर पाठ तासन्तास भिजत राहते. आधी साध्या पाण्याने भरून पाहा. नोझल तुंबले की तोंडाने फुंकायची सवय आहे, ती सोडा. खिशात बारीक ब्रश ठेवा. पँट गमबुटाच्या बाहेर, नाहीतर ओघळ थेट पायात उतरतो. वाऱ्याकडे पाठ ठेवा आणि नुकत्याच फवारलेल्या ओळीतून चालू नका. हातमोजे हातात असतानाच धुवा, मग काढा. कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.

पायरी ७: कागद

कारखान्यांसाठीच्या कायद्यातल्या कळवायच्या आजारांच्या यादीत मँगनीजची आणि कार्बन डायसल्फाइडची विषबाधा आहे. पार्किन्सनचे नाव त्यात नाही. फ्रान्सने २०१२ मध्ये कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतीकामगारांसाठी तो व्यवसायजन्य आजार मानला, आपल्याकडे तशी तरतूद नाही. त्यामुळे डॉक्टरांच्या कागदावर नेमके कोणते शब्द येतात याला फार महत्त्व आहे. मँगनीजची विषबाधा ठरत असेल तर "पार्किन्सनिझम" (म्हणजे नुसती पार्किन्सनसारखी लक्षणे) एवढेच लिहून घेऊन घरी येऊ नका. कारण आणि कामाचा उल्लेख लेखी मागा. कारखान्यातल्या वार्षिक तपासणीचे अहवाल आणि हवेच्या मोजणीचे आकडे यांच्या प्रती नोकरीत असतानाच घ्या. कंपनी बंद झाली की दप्तरही जाते. तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते.

निदान झाले आहे आणि नोकरी चालू आहे

रसायनापासून बदली मागाच, पण त्याआधी शिडी, पॉवर प्रेस, क्रेन आणि फोर्कलिफ्ट यांपासून. हालचाल मंदावलेल्या हाताला मशीन थांबवायला लागणारा क्षण जास्त लागतो. रात्रपाळीत औषधाच्या वेळा कोलमडतात, म्हणून कायम दिवसपाळीसाठी डॉक्टरांचे पत्र घ्या. लेव्होडोपाची गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. डाळ, अंडी, दुधासारख्या प्रथिनांबरोबर घेतली तर तिचा असर अडतो. कँटीनची वेळ साडेबाराची असेल तर गोळी पावणेबाराला, आणि ती घेण्यासाठी जागेवरून उठायची मुभा सुपरवायझरकडून आधीच मागून ठेवा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने तुर्भे-वाशीला जाणाऱ्यांनी स्टेशनचा जिना गोळीचा असर चालू असताना चढता येईल अशी गाडी निवडावी. पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात ते बहुधा दारात आणि गर्दीत, आणि फलाटावर दोन्ही एकदम असतात.